मांजराच्या तोंडात गोळी कोणी घालायची?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत बहुतेक प्रश्न गुडघेदुखी, आम्लपित्त आणि रक्तातली साखर यांचे असतात. या खेपेला डहाणूच्या एका वाचक भगिनींचे पत्र मात्र निराळे आहे. त्यांच्या मांजराला पशुवैद्यांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. पहिल्या दिवशी मांजराने गोळी थुंकून टाकली, दुसऱ्या दिवशी यजमानांचा हात ओरबाडला आणि तेव्हापासून ते माळ्यावरून खाली यायला तयार नाही. "तुम्ही डॉक्टर आहात, काही उपाय असल्यास कळवावा, कृपया हसू नये," असे त्या लिहितात.

यात हसण्यासारखे काही नाही. आशागडच्या आमच्या दवाखान्यात मांजराचा ओरखडा किंवा चावा घेऊन जे येतात, त्यांना "कसे झाले?" म्हणून विचारावे तर निम्म्या वेळा उत्तर एकच असते. औषध पाजत होतो, किंवा तोंडात काही अडकले का ते बघत होतो. रस्त्यावरचे मांजर सहसा माणसाच्या अंगावर येत नाही. घरचेच चावते आणि तेही आपण त्याचे भले करायला गेलो असताना.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. मी माणसांचा डॉक्टर, एम.बी.बी.एस. जनावरांना औषध लिहून देण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यांचा आहे, १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा तसेच सांगतो. तेव्हा मांजराला कोणते औषध द्यावे हे मी सांगणार नाही. कोणते मुळीच देऊ नये, दिलेले औषध बेताने कसे पाजावे आणि त्या झटापटीत तुमच्या हाताला काही झाले तर काय करावे, एवढेच सांगतो. हात माझ्या अखत्यारीतला आहे.

आपल्या भागात मांजर हे केवळ हौसेचे जनावर नव्हे. भात झोडून घरात आले की उंदीर-घुशी मागोमाग येतात आणि उंदरांच्या मुताबरोबर पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची धास्ती येते. कणगीशेजारी एखादे मांजर असले की घरातली बाई निश्चिंत असते. प्लेगच्या काळात, १९०८ च्या सुमारास, अमरावतीला असलेले सरकारी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर बुकॅनन यांनी तर प्लेग टाळायचा असेल तर मांजरे पाळा असे सांगितले होते आणि इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात तसे लिहिलेही होते. मांजरालाही प्लेग होतो, ही गोष्ट वेगळी.

असे हे कामाचे जनावर आजारी पडले तर त्याला औषधपाणी व्हायला हवे. बैलाला होते, म्हशीला होते, कोंबड्यांनाही लस टोचतात. मांजर तेवढे "होईल आपोआप बरे" या खात्यात जाते. आणि आपोआप बरे झाले नाही की घरातला औषधांचा डबा उघडतो. खरा धोका इथे सुरू होतो.

त्या डब्यात बहुधा पहिली हाताला लागते ती तापाची गोळी. क्रोसिन म्हणा, डोलो म्हणा, मेटासिन म्हणा, आत असते पॅरासिटामॉलच. "साहेब, तान्ह्या पोराला चालते, मग मांजराला पाव गोळी द्यायला काय हरकत?" असे मला केमिस्टच्या दुकानासमोर उभे राहून विचारलेले आहे. हरकत अशी की, माणसाचे यकृत या औषधाला एका द्रव्याची जोड देऊन ते निरुपद्रवी करते आणि लघवीवाटे बाहेर टाकते. ही जोड देणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. त्यामुळे औषधाचे विषारी अवशेष अंगात साठतात आणि रक्तातल्या लाल द्रव्यावर हल्ला करतात. रक्त चॉकलेटसारखे तपकिरी होते, प्राणवायू वाहून नेईनासे होते. हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसतात, धाप लागते, तोंड व पंजे सुजतात. ५०० मिलिग्रॅमची अर्धी गोळीसुद्धा एका मांजराचा जीव घ्यायला पुरेशी होते. तान्ह्या मुलाचे वजन मांजराएवढेच असते म्हणून औषधही तेवढेच, हा हिशेब इथे साफ कोसळतो.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन या दुखण्यावरच्या गोळ्यांचेही तेच. ज्या गोळीचा असर आपल्या अंगातून काही तासांत उतरतो, ती मांजराच्या अंगात दिवसेंदिवस राहू शकते. एका जिवाचे औषध दुसऱ्याचे विष कसे होते, याचे दाखले देशाने पाहिले आहेत. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे, मेलेली गुरे खाणारी गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन हजारोंनी मेली. अखेर २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घालावी लागली. गाईला चालले, गिधाडाला चालले नाही.

पोटात घ्यायच्या औषधांइतकीच वरून लावायची औषधे घातक आहेत. खरजेवर आम्ही देतो ते परमेथ्रिनचे मलम मांजराला लावू नये. घरात कोणी ते लावले असेल तर मांजराला त्याच्या अंथरुणात घेऊ नये, कारण मांजर अंग चाटते. गुरांच्या किंवा कुत्र्याच्या गोचिडांवरची बरीचशी औषधेही याच कुळातली असतात. बैलासाठी बादलीत कालवलेले औषध उरले म्हणून मांजराच्याही अंगावर शिंपडले, की थोड्या वेळाने मांजर थरथरू लागते, आचके देऊ लागते. लोक म्हणतात, कोणी विष घातले. विष घरातलेच असते.

असे काही चुकून दिले गेलेच, तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याच्या फंदात पडू नये. त्यानेही मांजर दगावू शकते. गोळीचे पाकीट बरोबर घेऊन तडक पशुवैद्य गाठावा. पॅरासिटामॉलवर उतारा आहे, माणसाच्या विषबाधेत आम्ही वापरतो तोच. पण तो काही तासांत मिळाला तर उपयोग.

आता पशुवैद्य गाठायचा म्हणजे कुठे, हा प्रश्न रास्त आहे. मुंबईकरांना परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे आणि १८८६ साली परळलाच मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले. डहाणू-तलासरीत मात्र गुरांचा दवाखाना म्हणजे फक्त गुरांचा, अशी समजूत पक्की बसली आहे. ती चुकीची आहे. पशुवैद्य होण्यासाठी जो शिकतो, तो गाई-म्हशींबरोबर कुत्र्या-मांजरांचेही शिकतो. सरकारी दवाखान्यात मांजर घेऊन जायला संकोच वाटतो, बाकीचे लोक बघून हसतात, असे मला दोघी-तिघींनी सांगितले. हसणाऱ्यांना हसू द्यावे. मांजर टोपलीत घालून वर कापड बांधून न्यावे, म्हणजे वाटेत एस.टी.त किंवा रिक्षात ते उडी मारून पळणार नाही.

पशुवैद्यांनी औषध दिले की तिथेच दोन प्रश्न विचारून घ्यावेत. हे खाण्यात मिसळून चालेल का? आणि गोळी जमली नाही तर हेच पातळ स्वरूपात किंवा इंजेक्शनने देता येईल का? हे विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही. मी माझ्या पेशंटनाही सांगतो, गोळी गिळवत नसेल तर दवाखान्यातच बोला, घरी जाऊन गादीखाली लपवू नका. ज्याला औषध घ्यायचे त्याला ते घेता येत नसेल, तर चिठ्ठी कितीही उत्तम असो, इलाज झालाच नाही.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींसाठी आधी सोपी युक्ती सांगतो. आपल्याकडे मासळीला तोटा नाही. सुका बोंबील किंवा मांदेली पाण्यात भिजवून खारटपणा काढावा, मऊ झाली की तिचे बोटाच्या पेराएवढे तीन गोळे करावेत. पहिला नुसता द्यावा. तो गेला की दुसरा, ज्यात गोळी दडवली आहे, तो द्यावा आणि लगेच तिसरा नुसता नाकासमोर धरावा. तिसऱ्याच्या हावेने दुसरा चावायच्या भानगडीत मांजर पडत नाही. मात्र सबंध जेवणात औषध कालवू नये. कडू लागले की मांजर ताटलीकडे पाठ फिरवते, मग औषध किती गेले कळत नाही आणि अन्नही सुटते. मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही तर त्याच्या यकृतात चरबी साठून दुसरेच दुखणे उभे राहते. दुधातून देण्याची आपली रीतही फारशी उपयोगाची नाही. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दूध पचत नाही आणि काही औषधे दुधात बांधली जाऊन वाया जातात.

युक्ती फसली तरच हाताने. दोन माणसे असावीत, तिसरे नको, आणि पोरांना बाहेर पाठवावे. पंच्यात किंवा जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात मांजराला मानेपर्यंत गुंडाळावे, चारी पंजे आत. त्याची पाठ आपल्याकडे असावी, कारण समोरून येणारा हात त्याला शत्रूचा वाटतो. डावा पंजा वरून डोक्यावर ठेवून अंगठा व मधले बोट दोन्ही गालफडांच्या हाडांवर टेकवावे आणि डोके थोडे वर करावे. खालचा जबडा सैल पडतो. उजव्या हाताच्या एका बोटाने खालचे पुढचे बारीक दात हलकेच दाबून गोळी जिभेच्या मुळाशी मधोमध टाकावी, तोंड मिटवावे आणि गळ्यावरून खाली बोट फिरवावे. मांजराने जिभेने नाक चाटले की गोळी गेली असे समजावे. गोळीला थोडे तूप लावले तर घसरायला बरे.

यानंतर सुई काढलेल्या सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी थेंबाथेंबाने द्यावे. ही गोष्ट पुष्कळजण विसरतात. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून राहते आणि डॉक्सिसायक्लिनसारखे औषध असले तर तिथे जखम करते, पुढे नळी आक्रसते. हीच डॉक्सिसायक्लिन आम्ही लेप्टोसाठी माणसांना देतो आणि पेलाभर पाण्याबरोबर घ्या, घेऊन लगेच आडवे होऊ नका, असे बजावतो. दर पावसाळ्यात एखादा तरी कोरडी गिळून छातीत जळजळते म्हणून येतोच.

पातळ औषध असेल तर मान वर करायची नाही. डोके सरळ ठेवून गाल आणि दात यांच्यामधल्या खोबणीत बाजूने हळूहळू सोडावे, त्याला गिळायला अवधी द्यावा. नाक दाबले की तोंड उघडते, ही म्हण राजकारणात खरी असेल. औषधाच्या बाबतीत ती घातक आहे. तान्ह्या मुलाला मांडीवर आडवे घालून, नाक दाबून, रडत असतानाच गुटी किंवा तेल घशात ओतायची पद्धत अजून घराघरांत आहे. रडणारे मूल श्वास घेते आणि औषध पोटाऐवजी फुफ्फुसात जाते. अशा न्यूमोनियाची मुले मी तपासली आहेत आणि त्यांच्या आज्यांशी वादही घातला आहे. मांजराचे फुफ्फुस त्याहून लहान असते.

कडू औषधाने मांजराच्या तोंडातून भराभरा फेस येतो. घरची मंडळी घाबरतात, पिसाळले की काय म्हणून. औषध दिल्यावर लगेच आलेला आणि थोड्या वेळात थांबलेला फेस हा बहुधा कडवटपणाचा असतो. आणखी एक सांगतो, हे माझे ठाम मत आहे. दोनदा प्रयत्न करून जमले नाही तर त्या वेळेपुरते सोडून द्यावे आणि पशुवैद्यांना विचारावे. "आज पाजल्याशिवाय सोडत नाही" ही ईर्ष्या मांजरापुढे कामाची नाही. एक मात्रा चुकल्याने होणारे नुकसान बहुतेक वेळा भरून काढता येते, चावलेल्या हाताचे तसे नसते.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो मुद्दा. कधी कधी मांजर अचानक खाणे सोडते, लाळ गाळते, गिळता येत नाही असे दाखवते, आवाज बदलतो. घरातला जाणता माणूस म्हणतो, माशाचा काटा अडकला. मग एकजण मांजर धरतो, दुसरा घशात बोट घालून काटा शोधतो. काटा अडकलेला असूही शकतो. पण रेबीजमध्ये घशाचे स्नायू लुळे पडतात तेव्हा जनावर नेमके असेच दिसते आणि त्याच्या लाळेत रोगाचे विषाणू असतात. कुत्र्याच्या, गाईच्या बाबतीतही हाच फसवा देखावा होतो आणि हाड निघेल म्हणून लोक कोपरापर्यंत हात घालतात. ज्या मांजराला रेबीजची लस दिलेली नाही, जे बाहेर भटकते, आणि ज्याचे वागणे एकाएकी बदलले आहे, म्हणजे गरीब असून अंगावर धावते किंवा रागीट असून कोपऱ्यात मरगळून बसते, त्याच्या तोंडात बोट घालू नये, त्याला औषधही पाजू नये. खोलीचे दार लावून पशुवैद्यांना कळवावे.

रेबीज कुत्र्यानेच होतो, ही समजूत अजून गेलेली नाही. मांजरानेही होतो. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल, मात्र लक्षणांआधी नीट उपचार झाले तर तो जवळजवळ हमखास टाळता येतो. वैद्यकशास्त्रात एवढा टोकाचा फरक क्वचितच असतो. म्हणून ओरखडा असो वा चावा, पहिले काम नळाखाली किंवा तांब्याने पाणी ओतत साबण लावून पंधरा मिनिटे धुणे. घड्याळ लावून पंधरा, कारण अंदाजाने धुतात ती दोनच भरतात. त्यावर चुना, तिखट, हळद, मशेरी, रॉकेल यांपैकी काही लावू नये, पट्टी करकचून बांधू नये. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. लस तिथे मोफत मिळते. दाताने कातडी फाटून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत आणि जखमेभोवती रेबीजविरोधी सिरमही द्यावे लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते नसले तर मोठ्या रुग्णालयात पाठवतील, तिथे जायला आळस करू नये. धनुर्वाताचे इंजेक्शनही विचारून घ्यावे.

लोक ओरखडा लपवतात, त्याचे एक कारण पोटातली चौदा इंजेक्शने. मेंढ्यांच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या आसपास बंद झाली, पण तिची भीती अजून चालू आहे. आता लस दंडावर मिळते. सरकारी दवाखान्यांतल्या कातडीत टोचायच्या पद्धतीत पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा, एवढ्याच फेऱ्या. "मांजर घरचेच आहे, दहा दिवस बघू आणि मग ठरवू" असे म्हणून थांबायचे नाही. लस आधी सुरू करायची आणि दहा दिवस मांजरावर नजरही ठेवायची. ते ठणठणीत राहिले तर पुढची लस घ्यायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील.

रेबीज नसला तरी मांजराचा चावा साधा समजू नये. त्याचे दात सुईसारखे बारीक आणि खोल जाणारे. वरचे भोक मिटते, आतले जंतू कोंडले जातात आणि दुसऱ्या दिवशी हात वडीएवढा सुजून येतो. कुत्र्याच्या चाव्यापेक्षा मांजराचा चावा अधिक वेळा पिकतो, तोही बोटांच्या सांध्याशी झाला की फार त्रास देतो. मधुमेह असलेल्यांनी तर यात एक दिवसही घालवू नये.

आमच्या ग्रामपंचायतींनी आणि पशुसंवर्धन खात्याने एक करावे, असे मला वाटते. दरवर्षी २८ सप्टेंबरला रेबीज दिन असतो, ठिकठिकाणी कुत्र्यांना लस टोचण्याची शिबिरे होतात. कुत्र्यांपासून माणसाला होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवायचा, असा राष्ट्रीय आराखडा २०२१ मध्ये जाहीर झाला आहे, तेव्हा कुत्र्यांवर भर असणे योग्यच. पण त्याच टेबलावर, त्याच दिवशी, टोपलीत घालून आणलेल्या मांजरालाही लस मिळावी. शिबिराच्या फलकावर "कुत्रे व मांजर" असे दोन शब्द जास्त लिहिले, तर ज्या बायका हसे होईल म्हणून घरी बसतात त्या येतील. मांजराला तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली लस देतात, पुढची पशुवैद्य सांगतील तेव्हा. तारीख स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, गॅस सिलिंडरची तारीख लिहितो त्याच्याच शेजारी लिहून ठेवावी.